साकवाचे शहाणपण आणि शहरातल्या लाकडी वाटा
उद्घाटनाच्या दिवशी मोहक दिसणारे लाकडी मार्ग पाचव्या पावसाळ्यात कसे असतील, हा प्रश्न निविदेतच विचारला गेला पाहिजे

प्रतिनिधी, मुंबई

सिमेंट काँक्रीटच्या जंगलात राहणाऱ्या शहरवासीयांना लाकडाची ओढ वाटावी, यात नवल नाही. मलबार टेकडीवर कमला नेहरू उद्यानालगत झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा उन्नत निसर्गमार्ग मार्च २०२५ च्या अखेरीस, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर खुला झाला, तेव्हा त्यावर पाऊल ठेवण्यासाठी मुंबईकरांची झुंबड उडाली ती याच ओढीपोटी. सिंगापूरच्या धर्तीवर उभारलेला हा मार्ग ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद असून त्यासाठी सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवनातून फिरण्यासाठी मार्ग आहे, पणजीत पाटो परिसरात खाडीलगत तसाच मार्ग बांधला गेला, गोराई आणि दहिसर येथील कांदळवन उद्यानांच्या आराखड्यांतही अशा मार्गांना स्थान मिळाले. तलाव सुशोभीकरण असो, नदीकाठ विकास असो वा टेकडीवरील उद्यान असो, प्रत्येक सादरीकरणात आता एक लाकडी वाट हमखास दिसते.

या वाटांना विरोध करण्याचे कारण नाही. जमिनीवर भराव न घालता, झाडांची मुळे न तोडता, भरतीचे पाणी न अडवता माणसाला निसर्गाजवळ नेण्याचा हा सर्वात सौम्य मार्ग आहे. मात्र लाकडी मार्ग हा बाकडे किंवा कमान यांसारखा शोभेचा ऐवज नव्हे. तो एक पूल आहे. त्यावर गर्दी उभी राहते, मुले धावतात, आणि आज ना उद्या एखादे चाकही चढते. पुलाला जे नियम, जी तपासणी आणि जी जबाबदारी लागू होते, ती या वाटांनाही लागू व्हावयास हवी. प्रत्यक्षात मात्र हे काम बहुधा सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली मोडते आणि पुलांच्या तपासणीच्या यादीतून निसटण्याचा धोका तेथूनच सुरू होतो.

गर्दीचे ओझे आणि चाकाचे ओझे

सर्वसामान्यांचा एक समज असा असतो की, ज्या वाटेवरून शंभर माणसे चालू शकतात त्या वाटेवरून एखादी छोटी गाडी सहज जाईल. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा समज घातक आहे. पादचारी मार्गासाठी भारतीय रस्ते काँग्रेसची संहिता सर्वसाधारणपणे प्रति चौरस मीटर ४०० किलो भार गृहीत धरते आणि शहराजवळ किंवा यात्रास्थळी जेथे गर्दी लोटण्याची शक्यता असते, तेथे हा आकडा ५०० किलोंवर नेते. म्हणजे दर चौरस मीटरवर दाटीवाटीने उभी असलेली सात माणसे. अडीच मीटरच्या आतबाहेर रुंदी असलेल्या मार्गाचा केवळ दहा मीटरचा तुकडा घेतला तरी हा भार बारा टनांच्या घरात जातो. हे ओझे मोठे असले तरी ते पसरलेले असते. त्याची परीक्षा मुख्य तुळयांना आणि खांबांना द्यावी लागते.

चाकाचे तसे नसते. समजा, वृद्धांसाठी बॅटरीवर चालणारी सहा आसनांची गाडी प्रवाशांसह एक टन वजनाची आहे. एकूण ओझे गर्दीच्या तुलनेत नगण्य. पण मागच्या एकेका चाकाखाली तीनशे किलोंच्या आसपास वजन तळहाताएवढ्या जागेवर येते आणि ते एक किंवा दोन फळ्यांनाच पेलावे लागते. तीच गाडी जागच्या जागी वळली किंवा तिने करकचून ब्रेक लावला, तर फळी आडवी ढकलली जाते आणि तिला धरून ठेवणारे स्क्रू हळूहळू सैल होतात. समजा तीन टनांची रुग्णवाहिका वर आली, तर मागच्या एका चाकाखाली नऊशे किलोंपर्यंत भार जाऊ शकतो. तात्पर्य, तुळई गर्दीने ठरते आणि फळी चाकाने ठरते. ज्या मार्गाच्या फळ्या केवळ पावलांचा विचार करून बसवल्या, त्या मार्गावर गाडी नेणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

यातील गणित सोपे पण निष्ठुर आहे. फळीखालच्या दोन आडव्या तुळयांमधील अंतर दुप्पट केले, तर मधोमध आलेल्या त्याच चाकाखाली फळी आठपट वाकते. उलट फळीची जाडी दुप्पट केली, तर तिची ताकद चौपट आणि ताठरपणा आठपट होतो. कंत्राटदाराने फळीची जाडी थोडी कमी केली वा तुळयांमधले अंतर थोडे वाढवले, तर डोळ्यांना काहीच कळत नाही. लाकडाचे बिल मात्र कमी होते. नेमक्या याच दोन मोजमापांवर पर्यवेक्षक अभियंत्याने बोट ठेवून उभे राहावयास हवे.

फळ्या कोणत्या दिशेने बसवाव्यात, हाही केवळ सौंदर्याचा विषय नाही. त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या बसवल्यास त्यांच्यामधील फटीत सायकलचे किंवा बाबागाडीचे चाक अडकते. दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवावीच लागते, कारण लाकूड पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. शिवाय पाणी व कचरा खाली जाण्यासही वाट लागते. फट बुजली की पाणी साचते आणि पाणी साचले की लाकडाचा शत्रू घरात शिरतो. चाकांच्या वाटेवर दोन्ही कडांना उंच पट्टी लागते, जेणेकरून गाडी कठड्यापर्यंत पोहोचणारच नाही. कठडा माणसाला अडवण्यासाठी असतो, गाडीला अडवण्यासाठी नव्हे.

चाक येणारच

‘आमच्या मार्गावर वाहनांना बंदी आहे’ असे उत्तर या ठिकाणी हमखास मिळते. फलक लावला की जबाबदारी संपली, ही आपली प्रशासकीय परंपरा. पण फलकाने चाक थांबत नाही, याचा धडा महाराष्ट्राला जून २०२५ मध्ये मिळाला. मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार जणांचा बळी गेला आणि पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. पुलावर शंभराहून अधिक माणसे उभी होती आणि त्याच अरुंद पुलावर दुचाकीही आणण्यात आल्या होत्या. तो पूल लाकडी नव्हता, हे खरे. पण दुर्घटनेचे सूत्र साहित्यापलीकडचे आहे. जुने बांधकाम, क्षमतेपेक्षा अधिक गर्दी, त्यात दुचाकी आणि जागेवर रोखणारे कोणी नाही, हे चार घटक एकत्र आले की लोखंड काय आणि लाकूड काय, दोन्ही सारखेच.

कोकणातील साकवांवरही हेच घडत आले आहे. मूळचा साकव हा माणसांसाठी. ओढ्यावर पोफळीचे वा माडाचे सोट टाकून, त्यावर फळ्या वा कांब्या बांधून गावकऱ्यांनी केलेला. पुढे वाडीत पहिली सायकल आली, मग मोटारसायकल आली, आणि साकव रुंद न होताच त्याच्यावरील ओझे वाढत गेले. मोटारबंदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या माथेरानमध्येसुद्धा २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा धावू लागल्या. हातरिक्षा ओढणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पाहता तो बदल न्याय्यच होता. परंतु त्यातून एवढे नक्की दिसते की, आज निव्वळ पायवाट असलेल्या मार्गावर उद्या हलके वाहन आणण्याची रास्त गरज निर्माण होऊ शकते. वृद्ध, अपंग, आजारी यांच्यासाठी, कचरा नेण्यासाठी, झाडांना पाणी घालण्यासाठी, चक्कर येऊन पडलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी चाक लागतेच. म्हणून आराखड्याच्या वेळीच दोनपैकी एक निर्णय घ्यावयास हवा. एकतर हलक्या वाहनाचा भार धरून मार्ग बांधावा आणि त्या वाहनाच्या वजनाची मर्यादा ठळकपणे लिहावी. अथवा प्रवेशापाशीच असे खांब रोवावेत की चाकाच्या खुर्चीला वाट मिळेल, पण दुचाकीला मिळणार नाही. या दोहोंच्या मधली अवस्था सर्वात धोकादायक.

मोरबीची आठवण

लाकडी फळ्या काढून त्याजागी ‘आधुनिक’ साहित्य बसवले की प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांनी गुजरातमधील मोरबीचा झुलता पूल आठवावा. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तो कोसळून १३५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीसाठी नेमलेल्या विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात मुख्य तारदोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या असल्याचे नमूद झाले. त्याच अहवालाने आणखी एका बाबीकडे लक्ष वेधले. नूतनीकरणात सुट्या लाकडी फळ्यांच्या जागी एकमेकांना जोडलेले ॲल्युमिनियमचे तक्ते बसवण्यात आले होते. त्याने पुलाचे स्वतःचे वजन वाढले आणि पृष्ठभागाची लवचिकता गेली. सुट्या लाकडी फळ्या असत्या तर मृतांची संख्या कमी राहिली असती, असे मत पथकाने नोंदवले.

याचा अर्थ लाकूड सुरक्षित आणि धातू असुरक्षित असा नाही. अर्थ इतकाच की, पृष्ठभाग बदलणे हा रंग बदलण्यासारखा किरकोळ बदल नसतो. फळीचे वजन, तिचे वाकणे, तिची जोडणी यांवर खालच्या संपूर्ण सांगाड्याचे गणित आधारलेले असते. दुरुस्तीच्या नावाखाली फळ्या बदलताना जुन्या सांगाड्याची तपासणी आणि नवे गणित झालेच पाहिजे. मोरबीत तारदोर तसेच राहिले आणि पृष्ठभाग तेवढा नवा झाला. आपल्याकडील नूतनीकरणाच्या अनेक कामांचे वर्णन या एका वाक्यात होऊ शकेल.

पाऊस, शेवाळ आणि कूज

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात: हवा, ऊब, अन्न आणि ओल. पहिल्या तीन गोष्टी मुंबई-कोकणात बारमाही उपलब्ध आहेत. उरते ती ओल. लाकडातील पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली राहिले तर बुरशीला वाव मिळत नाही. वर्षात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईत चार महिने ते खाली राहू शकत नाही; म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत लाकूड झटपट वाळेल अशी रचना करणे हेच खरे कौशल्य. फळीखालून वारा खेळता असावा, तुळईच्या डोक्यावर पाणी अडू नये म्हणून त्यावर जलरोधक पट्टी असावी, फळीची कापलेली टोके लेपाने बंद करावीत, खांबाचे पाऊल मातीत वा काँक्रीटच्या खळग्यात न गाडता धातूच्या बैठकीवर जमिनीपासून वर ठेवावे. सुतारकामातली ही जुनी पथ्ये आहेत. जुन्या वाड्यांतले लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे केलेले दिसतात, ते उगीच नव्हे.

कूज दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. वरून फळी ठणठणीत आणि खाली तुळई भुसभुशीत, असा प्रकार नेहमीचा. मुंबईच्या जुन्या चाळींमध्ये राहिलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. तेथील लाकडी सज्जांना लावलेले टेकू हेच सांगत असतात की, लाकूड तुटते ते मध्यावर नव्हे, तर भिंतीत घुसलेल्या, कुणाला न दिसणाऱ्या टोकाशी. म्हणून लाकडी मार्गाची तपासणी वरून फेरफटका मारून होत नाही. तपासनीसाला खाली उतरावे लागते, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा लागतो, अणकुचीदार टोच्याने लाकूड किती आत जाते ते पाहावे लागते आणि ओल मोजणारे छोटे यंत्र लावून आकडा लिहून ठेवावा लागतो. खाली उतरण्याची सोयच न ठेवता बांधलेला मार्ग म्हणजे तपासणी टाळण्याची सोय.

समुद्राजवळ आणखी दोन शत्रू असतात. खारी हवा साध्या लोखंडी स्क्रूंना काही वर्षांत खाऊन टाकते. तांबेयुक्त औषध मारलेल्या लाकडात तर गंज अधिकच वेगाने चढतो. तेथे उच्च प्रतीच्या गंजरोधक पोलादाला पर्याय नाही. दुसरा शत्रू म्हणजे भरतीच्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री जीव. होड्यांच्या तळाला नियमित लेप देणाऱ्या कोळी बांधवांना तो चांगला ठाऊक आहे. कांदळवनातील मार्गाचे पाण्यातले खांब काँक्रीटचे वा अन्य न कुजणाऱ्या साहित्याचे ठेवून लाकूड भरतीरेषेच्या वरच वापरणे शहाणपणाचे ठरते ते यामुळेच. आणि पावसाळ्यातली शेवाळ? गुळगुळीत पॉलिश केलेली फळी छायाचित्रात सुंदर दिसते, पण जुलैमध्ये तिच्यावरून घसरून पडणारा पहिला माणूस बहुधा ज्येष्ठ नागरिक असतो. झाडांच्या सावलीत राहणाऱ्या मार्गावर खरखरीत पट्ट्या आणि नियमित घासणी अपरिहार्य आहे.

न्यूयॉर्कचा शंभर वर्षांचा अनुभव

लाकडी वाटांच्या बाबतीत सर्वात दीर्घ सार्वजनिक अनुभव अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे आहे. ॲटलांटिक सिटी येथे १८७० मध्ये पहिला मार्ग झाला तो अगदी घरगुती कारणासाठी: किनाऱ्यावरून परतणाऱ्या पर्यटकांच्या पायांना चिकटून वाळू रेल्वेच्या डब्यांत आणि हॉटेलांत येऊ नये म्हणून. न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडचा विस्तीर्ण लाकडी मार्ग १९२३ मध्ये खुला झाला. सव्वाचार किलोमीटरहून अधिक लांबीच्या या मार्गावर पादचाऱ्यांबरोबर पोलिसांची, कचऱ्याची आणि देखभालीची वाहनेही फिरत आली. फळ्या सैल होतात, तुटतात याचे खापर नागरिकांनी वाहनांवर फोडले, तर महापालिकेने लाकडाच्या महागड्या देखभालीकडे बोट दाखवले.

त्यातच दुसरा वाद उभा राहिला. या मार्गांसाठी वापरले जाणारे टणक लाकूड उष्ण कटिबंधातील वर्षावनांतून येत होते. एका शहराच्या फेरफटक्यासाठी दुसऱ्या खंडातील जंगल का तुटावे, या प्रश्नाने जोर धरला आणि २००८ मध्ये तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी असे लाकूड कमी वापरण्याची योजना जाहीर केली. २०१२ मध्ये कोनी आयलंड मार्गाच्या एका भागासाठी मंजूर झालेला तोडगा आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. मधोमध बारा फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा आपत्कालीन वाहनांसाठी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकच्या फळ्या पादचाऱ्यांसाठी. चाक आणि पाऊल यांची वाट वेगळी करावी, हे तत्त्व त्यात मान्य झाले. नागरिकांना मात्र काँक्रीट रुचले नाही. ‘ही आमची लाकडी वाट, पदपथ नव्हे’ अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या सँडी वादळाने शेजारच्या रॉकवे येथील लाकडी मार्ग उद्ध्वस्त केला आणि तो पुढे काँक्रीटमध्ये बांधण्यात आला. २०१७ मध्ये ते काम पूर्ण झाले. २०१८ मध्ये कोनी आयलंडच्या मार्गाला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. मात्र फळी कशाची असावी, हा वाद त्या दर्जानेही पूर्णपणे मिटवला नाही.

या शंभर वर्षांचे सार एकच: लाकडी मार्ग एकदा बांधून होत नाही, तो सतत बांधत राहावा लागतो. ज्या शहराची त्याला तयारी नाही त्याने लाकडाच्या वाटेस जाऊ नये.

लाकूड कोणते?

आपल्याकडे लाकूड म्हटले की साग, हे समीकरण. सागाचा गाभा टिकाऊ असतो, यात शंका नाही. पण गाभ्याभोवतीचे फिकट रसकाष्ठ तितकेच नाशवंत असते आणि लवकर वाढवलेल्या कोवळ्या झाडांत त्याचे प्रमाण अधिक असते. निविदेत नुसते ‘साग’ लिहून भागत नाही. रसकाष्ठविरहित गाभा, लाकडातील ओल, गाठींची मर्यादा हे सारे लिहावे लागते. लाकडी बांधकामाच्या आरेखनासाठी भारतीय मानक ८८३ आणि लाकूड टिकवण्याच्या प्रक्रियेसाठी मानक ४०१ उपलब्ध आहे. पुस्तके आहेत, ती उघडण्याचा प्रश्न आहे.

म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केल्यानंतर ब्रह्मी सागाची जुनी वाट आटली. दुसरीकडे चंद्रपूर-बल्लारपूरचा साग अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी गेला, नागपूरचा साग नव्या संसद भवनात वापरला गेला. राज्याच्या वन विकास महामंडळाकडे सागाची लागवड आहे. जंगल तोडून आणलेले परदेशी लाकूड मुंबईत ‘निसर्गमार्ग’ म्हणून मिरवण्यापेक्षा, मूळ ठिकाण सिद्ध करता येईल असे राज्यातलेच लाकूड वापरणे अधिक सुसंगत ठरेल. केवळ साग कशाला? कोकणात होड्यांसाठी आणि घरांसाठी ऐन व किंजळ वापरण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

कमी टिकाऊ लाकडाला औषधाने टिकवण्याचे तंत्रही भारताला परके नाही. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने लाकूड टिकवण्याची, जगभर पसरलेली पद्धत डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये शोधून काढली. पुढे आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून ती मागे घेतली. मुलांचे हात जेथे लागतात आणि खाली खाडीचे पाणी आहे, तेथे आपणही आर्सेनिकविरहित पर्यायच निवडले पाहिजेत. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांपासून केलेल्या संमिश्र फळ्यांची जाहिरात ‘देखभालमुक्त’ म्हणून होते. त्या कुजत नाहीत हे बव्हंशी खरे. पण उन्हात तापून त्या नरम पडतात आणि सततच्या ओझ्याखाली कायमच्या वाकतात. त्यामुळे त्यांच्याखालील तुळया अधिक जवळजवळ हव्यात. लाकडासाठी केलेल्या सांगाड्यावर त्या तशाच ठोकल्या तर फसगत ठरलेली.

कायदा परवानगी देतो, बेफिकिरी नव्हे

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील क्षेत्रांतही मंजूर आराखड्याच्या चौकटीत कांदळवन मार्ग आणि निसर्गवाटा यांना मुभा आहे. मात्र २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांची तोड रोखणारा निकाल दिलेला आहे. त्यामुळे मार्ग ‘पर्यावरणपूरक’ आहे एवढे म्हणून झाडे तोडता येत नाहीत. खांब रोवण्यासाठी जड यंत्रे चिखलात उतरली, साहित्य नेण्यासाठी तात्पुरता भराव पडला आणि तो तसाच राहिला, तर मार्गापेक्षा मार्गाच्या बांधणीनेच अधिक नुकसान होईल. बांधलेल्या भागावर उभे राहून पुढचा भाग बांधत जाण्याची पद्धत जगात रूढ आहे. ती सक्तीची करता येईल. मात्र मग त्या कामचलाऊ यंत्रांचे वजनही मार्गाच्या गणितात धरावे लागेल.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यानुसार सार्वजनिक जागा सर्वांसाठी सुगम असणे ही कृपा नसून बंधन आहे. पायऱ्यांनी सुरू होणारा आणि पायऱ्यांनीच संपणारा लाकडी मार्ग या कसोटीवर उतरत नाही. बारास एक या प्रमाणाहून तीव्र नसलेला उतार, चाकाच्या खुर्चीला वळता येईल एवढी जागा आणि सपाट फळ्या या गोष्टी नंतर जोडता येत नाहीत. त्या आधीच आखाव्या लागतात.

नव्याचे नऊ दिवस

सर्वात अवघड प्रश्न पैशाचा आहे, आणि तो बांधणीच्या पैशाचा नाही. नव्या कामासाठी भांडवली निधी मिळतो. फीत कापली जाते. दुरुस्तीसाठी मात्र दरवर्षीच्या महसुली खर्चातून तरतूद करावी लागते, आणि सैल फळी घट्ट करण्याच्या कार्यक्रमाला कोणी पाहुणा येत नाही. कंत्राटातील दोषदायित्वाचा कालावधी आणि लाकडाची कूज यांची गाठ पडत नाही, ही यातली खरी मेख. कूज दिसू लागते तोवर कंत्राटदाराची अनामत परत गेलेली असते. सर्वात कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत जाड फळी, चांगला स्क्रू आणि जलरोधक पट्टी देणारा बोलीदार आपोआप मागे पडतो.

यावर उपाय अशक्य कोटीतले नाहीत. बांधणी आणि दहा वर्षांची देखभाल यांचे एकच कंत्राट काढावे आणि दर दोहोंचा मिळून पाहावा. प्रत्येक मार्गाची नोंद पुलांच्या नोंदवहीत व्हावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशा वर्षातून दोन तपासण्या व्हाव्यात आणि त्यांचा अहवाल प्रवेशद्वारावर लावला जावा. लिफ्टमध्ये तपासणीची तारीख लावतात, मग येथे का नको? एका वेळी किती माणसे आणि किती वजनाचे वाहन, हे दोन आकडे मराठीत ठळक लिहावेत. मलबार टेकडीवर वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट देण्याची जी पद्धत सुरुवातीपासून ठेवली गेली, ती केवळ महसुलासाठी नव्हे, तर गर्दीच्या नियंत्रणासाठी अन्यत्रही उपयोगी ठरेल. तिकिटाचे पैसे त्याच मार्गाच्या देखभालीसाठी राखून ठेवले, तर दुरुस्तीसाठी दरवर्षी हात पसरण्याची वेळ येणार नाही.

कोकणातला जुना साकव दरवर्षी पावसाळा संपला की गावकरी पुन्हा बांधत. तो टिकाऊ नव्हता, पण कोणाच्या तरी मालकीचा होता. कुठली फळी कच्ची आहे, हे त्यावरून रोज जाणाऱ्याला ठाऊक असे आणि ती बदलण्याची पाळी कोणाची, हेही ठरलेले असे. शहरांनी लाकडी वाटांचे सौंदर्य उचलले, सिंगापूरचा नमुना उचलला. साकवामागची ही जबाबदारी मात्र अद्याप उचललेली नाही. कोट्यवधी रुपयांच्या मार्गावर सैल झालेली एक फळी कोणी, कोणत्या निधीतून आणि किती दिवसांत बदलायची, याचे लेखी उत्तर ज्या महापालिकेकडे असेल, तिनेच पुढचा लाकडी मार्ग बांधावयास घ्यावा.